जैसे थे

खोर ख्वैरच्या बंदरावर, पहाटे पावणेपाचला
बावीस गार्ड, तीन रांगा.
मागे डोंगर, जो रोज थोडाथोडा
पट्ट्यावरून जहाजात जातो.
मी हवालदार सर्जेराव निकम, निवृत्त.
इथं सुपरवायझर. छातीवर कंपनीचा बिल्ला,
शिट्टीला पलटणीतलीच दोरी.

कंपनीला कवायत नको असते,
इस्त्रीचे शर्ट हवे असतात.
पण नवा पोरगा उभा कसा राहतो
त्यावरून कळतं तो रात्री तीनला झोपेल की नाही.
म्हणून शिकवतो.

ऐका. हुकुमाचे दोन तुकडे.
पहिला लांबवायचा, विहिरीत दोर सोडल्यासारखा :
परेऽऽड
दुसरा तोडायचा, कोयत्यानं :
सावधान!
मधली जागा रिकामी नसते,
तिथं माणूस गोळा होतो.
माझ्या लग्नात भटजी दर कडव्याला हाच शब्द म्हणाले
आणि दर वेळी माझ्या टाचा आपोआप जुळल्या.
अंतरपाटापलीकडे हिच्या मामानं हसू दाबलं.

गुलनवाज चकवालचा. तिकडच्या फौजेत नाईक.
आम्ही दोघं एकाच बर्फाकडे
दोन बाजूंनी बघत होतो, एकाच साली,
हे टपरीवर कळलं, तिसऱ्या महिन्यात.
मग बराच वेळ कुणी साखर ढवळली नाही.
त्यांच्यात सावधानला होशियार म्हणतात.
मी म्हटलं, आमच्यात हुशार म्हणजे वर्गात पहिला येणारा.
तो म्हणाला, तसा असतो तर इथं असतो का?
सोमवारी हुकूम त्याचा, मंगळवारी माझा.
ओमोंडी केनियाचा, टेकबहादुर पुन नेपाळचा,
दोन्ही शब्दांना त्यांच्या टाचा
एकच आवाज करतात.

विश्राम म्हणजे विश्रांती नव्हे. नवे इथंच चुकतात.
पाय फाकतात, हात मागे जातात, नजर समोरच.
कदमताल : गुडघा वर, पाय खाली, जागा तीच.
ही फोनवर विचारते, अजून किती वर्षं कदमताल?
मी म्हणतो, घराचा स्लॅब.
ती म्हणते, स्लॅब तर पडला.
मी म्हणतो, मग जिना.

विसर्जन म्हटलं की उजवीकडे वळून, सलाम करून पांगायचं.
मला मात्र दर वेळी ओढ्यावरून
रिकामा पाट घेऊन परतणारी पोरं दिसतात.

पण सगळ्यांत मोठा हुकूम, जैसे थे.
कुणी डाव्याऐवजी उजवा वळला,
किंवा मीच भलता शब्द टाकला,
तर शिवी नाही, फेरी नाही.
जैसे थे. आणि अख्खी रांग
चुकीच्या आधीच्या क्षणात परत जाऊन उभी राहते.
कोर्टात हाच शब्द आला
आणि आमच्या बांधाचा दावा अठरा वर्षं हलला नाही.
मैदानात मात्र ती माफी असते.

मे महिन्यात गुलनवाज मेडिकलला बसला नाही. डावा डोळा.
विमानतळाची बस पाचची. सोमवार होता.
तो रांगेसमोर आला, बॅग खाली ठेवली,
दोर सोडला :
परेऽऽड
सोडतच राहिला, दम संपेपर्यंत.
पट्ट्यावर दगड खडखडत होते.
बावीस जण पुढच्या शब्दासाठी
टाच उचलायच्या बेतात.
त्यानं बॅग उचलली.

बस वळणावर गेली तेव्हा
माझ्या तोंडून निघालं, बारीक आवाजात :
जैसे थे.
कुणीच हललं नाही.
हलायला कुणी काही केलंच नव्हतं.

मग ओमोंडीनं विचारलं,
सर, पुढच्या सोमवारी कुठला शब्द?
मी हजेरीची वही उघडली
आणि पानं उलटत राहिलो.